घराची किंमत कशात मोजायची?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयाची मोकळीक दिली आहे. आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सकाळची सुविचारांची फुलं सोडली, तर सगळ्यात जास्त चर्चा एकाच गोष्टीवर होते : घर. कुणी विचारतं, पुण्यात अजून एक फ्लॅट घेऊन ठेवू का? कॅनडातून कुणी लिहितं, आमच्या मुलांना इथं घर घेणं जमेल असं वाटत नाही. जर्मनीतली मैत्रीण बारा वर्षं भाड्याच्या घरात सुखाने राहते आहे, हे तर ग्रुपवर कुणाला पटतच नाही. तिला दर दिवाळीला कुणी ना कुणी विचारतंच, ‘मग घर कधी घेणार?’

म्हणून आज घरांच्या किमतींबद्दल बोलते. मी अर्थतज्ज्ञ नाही, संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. त्या कामात एक सवय लागते. दोन आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्हीकडे एकक एकच आहे ना, हे आधी तपासायचं. खरं तर ही सवय शाळेतच लागायला हवी होती. गणिताच्या पेपरात उत्तर बरोबर आणि एकक चूक असलं, की अर्धा गुण जायचा.

घरांच्या बाबतीत पहिली गडबड एककाचीच आहे. आपण चौरस फुटात बोलतो, पण कुठला चौरस फूट? कार्पेट, बिल्टअप की सुपर बिल्टअप? २०१६ चा रेरा कायदा आला आणि २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं, तेव्हापासून चटईक्षेत्र म्हणजे काय याची कायद्यात नेमकी व्याख्या आहे आणि बिल्डरला तेच सांगावं लागतं. त्याआधी जिन्याचा, लिफ्टचा, लॉबीचा वाटा आपल्या घराच्या क्षेत्रफळात धरला जायचा. चीनमध्येही हेच चालतं. तिथेही इमारतीच्या सामाईक जागेचा वाटा घराच्या क्षेत्रफळात मोजण्याची पद्धत आहे. सिंगापूरमध्ये सरकारी ‘फोर रूम’ फ्लॅट म्हणजे तीन बेडरूम आणि एक हॉल. जपानात जमिनीचा भाव ‘त्सुबो’वर सांगतात, म्हणजे सुमारे ३.३ चौरस मीटर. जर्मनीत भाड्याने घेतलेल्या घरात बऱ्याचदा स्वयंपाकघराचं फर्निचरच नसतं. ओटा, सिंक, कपाटं भाडेकरूने स्वतःची आणायची आणि जाताना घेऊन जायची. त्यामुळे ‘तिकडे टू बीएचके केवढ्याला?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर देताच येत नाही.

दुसरी गडबड चलनाची. डॉलरचे रुपये करून आपण थक्क होतो. पण तिथला माणूस कमावतो डॉलरमध्येच. म्हणून मी दोन साधी मापं वापरते, आणि ही दोन्ही मापं वर्षांत आहेत.

पहिलं माप असं : त्या शहरातल्या मधल्या कुटुंबाचं किती वर्षांचं सगळं उत्पन्न घातलं, की तिथलं मधलं घर येतं? ‘मधलं’ म्हणजे निम्मी कुटुंबं त्याच्या वर, निम्मी खाली. हा आकडा तीनच्या आसपास असेल, तर घर परवडणारं मानतात. अलीकडच्या वर्षांत सिडनी आणि व्हँकुव्हरमध्ये तो दहाच्या वर आहे, हाँगकाँगमध्ये चौदाच्या वर. 

दुसरं माप : घराच्या किमतीत त्याच घराचं किती वर्षांचं भाडं भरता येईल? समजा, एका फ्लॅटची किंमत ८० लाख आहे आणि त्याला महिन्याला २० हजार भाडं मिळतं. वर्षाचं भाडं २ लाख ४० हजार. ८० लाखांत ३३ वर्षांचं भाडं निघतं. त्या घरासाठी ६० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी काढलं, तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे ५२ हजार. म्हणजे २० हजारांत राहता येणाऱ्या घरासाठी माणूस २० लाख आधी भरतो आणि वर महिन्याला ५२ हजार देतो. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांत हे गणित साधारण असंच येतं.

आता प्रश्न असा, की इतकी हुशार माणसं हे का करतात? वरचे ३२ हजार ती कशासाठी देतात? मला वाटतं, ती फक्त घर विकत घेत नसतात. घराबरोबर अजून काहीतरी घेत असतात. ते ‘अजून काहीतरी’ प्रत्येक देशात वेगळं आहे, म्हणून भाव वेगळे आहेत. आज मला एवढंच सांगायचं आहे. आता एकेका देशाकडे जाऊ.

सुरुवात जर्मनीपासून करू, म्हणजे मैत्रिणीला न्याय मिळेल. जर्मनीत साधारण निम्मी माणसं भाड्याच्या घरात राहतात. युरोपीय संघात स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण तिथे सर्वांत कमी आहे. देश गरीब म्हणून नव्हे. तिथला भाडेकरार साधारणपणे बेमुदत असतो. मालकाला घर खाली करून घ्यायचं असेल, तर कायद्याने मान्य केलेलं कारण दाखवावं लागतं, उदाहरणार्थ स्वतःला किंवा घरच्यांना राहायला हवं आहे. घर दुसऱ्याला विकलं तरी भाडेकरू तिथेच राहतो, करार नव्या मालकावर बांधील असतो. अनामत तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. चालू करारातलं भाडं तीन वर्षांत २० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, घरांची टंचाई असलेल्या शहरांत १५ टक्क्यांहून जास्त नाही. अशा ठिकाणी ‘उद्या मालकाने काढलं तर?’ ही भीतीच नाही. मग त्या भीतीपोटी कर्ज कशाला काढायचं?

व्हिएन्ना शहराने याहून पुढचं पाऊल शंभर वर्षांपूर्वीच टाकलं. पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या नगरपालिकेने स्वतः घरं बांधायला घेतली. त्यातली कार्ल मार्क्स हॉफ ही १९३० साली उघडलेली वसाहत एक किलोमीटरहून लांब आहे आणि आजही लोक तिथे राहतात. आज शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. ती आणि मर्यादित नफ्यावर चालणाऱ्या संस्थांची घरं मिळून व्हिएन्नातली जवळपास निम्मी माणसं राहतात. त्यात शिक्षक, नर्स, ट्रामचे चालक, ऑफिसातले लोक सगळे असतात. भाड्याच्या बाजारात एवढा मोठा हिस्सा नफ्यासाठी नसला, की बाकीच्या मालकांनाही भाडं बेताने मागावं लागतं.

पण नुसता कायदा पुरत नाही, हेही जर्मनीनेच दाखवलं. बर्लिन आणि म्युनिकमध्ये माणसं वाढली आणि घरं त्या वेगाने वाढली नाहीत. २०२० मध्ये बर्लिनने भाडी गोठवणारा कायदा केला. एप्रिल २०२१ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने तो रद्द केला. आज तिथे जुन्या भाडेकरूचं उत्तम चाललेलं असतं आणि नव्याने आलेला तरुण एका घरासाठी मोठ्या रांगेत उभा असतो. सुरक्षितता हवी, तशी घरांची संख्याही हवी.

संख्येचा धडा जपानकडून घ्यावा. १९८० च्या दशकाच्या शेवटी जपानात जमिनीचे भाव असे चढले होते, की ते कधी उतरतील असं कुणाला वाटत नव्हतं. १९९१ च्या सुमारास फुगा फुटला आणि पुढची दहा-पंधरा वर्षं भाव उतरतच राहिले. ‘जमीन कधी उतरत नाही’ असं आपल्याकडे म्हणतात. जपानात एक अख्खी पिढी ती उतरताना बघत मोठी झाली. तिथे घर ही गाडीसारखी जुनी होणारी वस्तू मानली जाते. करासाठी लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात. जुनं घर घेणारा अनेकदा ते पाडून नवं बांधतो.

टोकियोची गोष्ट मला विशेष वाटते. अख्ख्या देशाची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखरावर जाऊन उतरू लागली, पण टोकियोत माणसं येतच राहिली. तरीही तिथले भाव बरीच वर्षं इतर महानगरांसारखे भडकले नाहीत. याचं एक मोठं कारण म्हणजे बांधकामाचे नियम. कुठल्या प्रकारच्या भागात काय बांधता येईल याचे मोजके प्रकार सगळ्या देशासाठी एकच ठरलेले आहेत. त्या नियमांत बसलं, की परवानगी मिळते. शेजाऱ्याची मर्जी लागत नाही. टोकियोत दरवर्षी लाखाच्या वर नवी घरं बांधायला घेतली जात आली आहेत. अलीकडे मध्य टोकियोतल्या नव्या फ्लॅटचे भाव पुन्हा चढले आहेत हे खरं, पण तीस वर्षं त्या शहराने येणाऱ्याला जागा करून दिली.

आणि त्याच देशात २०२३ च्या सरकारी पाहणीत ९० लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्यांना ‘आकिया’ म्हणतात. आई-वडील गेले, मुलं शहरात, घर गावात, नावावर करायला कुणी येत नाही, पाडायला खर्च येतो. हे वर्णन ऐकून तुम्हाला आपल्या पेठेतले चार वाडे आठवले असतील. मलाही आठवले.

आता दोन छोट्या जागा बघा, हाँगकाँग आणि सिंगापूर. जागा कमी म्हणून भाव जास्त, असं आपण सहज म्हणतो. सिंगापूर हाँगकाँगपेक्षाही लहान आहे, सुमारे ७३५ चौरस किलोमीटर. हाँगकाँग ११०० च्या आसपास, आणि त्यातला जेमतेम पाव भाग बांधकामाखाली आहे. दोन्हीकडे जवळपास सगळी जमीन सरकारची. फरक सरकारने त्या जमिनीचं काय केलं यात आहे. हाँगकाँगने कर कमी ठेवले आणि जमिनीचे भाडेपट्टे लिलावात विकून मोठं उत्पन्न मिळवलं. जमीन जितकी महाग, तितकी तिजोरी भरलेली. तिथेही सरकारी भाड्याची घरं आहेत, सुमारे ३० टक्के माणसं त्यांत राहतात, पण त्यासाठी अनेक वर्षं रांगेत थांबावं लागतं.

सिंगापूरने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं, १९६६ मध्ये जमीन संपादनाचा कडक कायदा केला आणि १९६८ पासून लोकांना आपल्या भविष्य निर्वाह निधीतून घर घेण्याची सोय दिली. आज तिथले सुमारे तीन चतुर्थांशाहून जास्त रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात आणि दहातली नऊ कुटुंबं आपल्या घराची मालक आहेत. पण मालकी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. मुदत संपली, की घर सरकारकडे परत. परदेशी माणसाने घर घ्यायचं म्हटलं, तर एप्रिल २०२३ पासून किमतीच्या ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क भरावं लागतं. याचा अर्थ सरळ आहे : घर आधी इथे राहणाऱ्याला, मग गुंतवणूक करणाऱ्याला. अर्थात ९९ वर्षांतली ४०-५० संपलेल्या फ्लॅटचं मोल पुढे काय राहील, ही काळजी आता तिथल्या लोकांना लागली आहे.

अमेरिकेत माणूस घराबरोबर व्याजाचा दर विकत घेतो. तिथे ३० वर्षांचं कर्ज मिळतं आणि दर पहिल्या दिवशी ठरला, की शेवटपर्यंत तोच. ४ लाख डॉलरचं कर्ज तीन टक्क्यांनी घेतलं, तर हप्ता सुमारे १६९० डॉलर. सात टक्क्यांनी घेतलं, तर सुमारे २६६० डॉलर. घर तेच, वीट तीच, हप्ता दीडपटीहून जास्त. २०२१ मध्ये तीन टक्क्यांनी कर्ज घेतलेली माणसं पुढे दर सातवर गेल्यावर घर विकायलाच तयार होईनात. विकलं तर नवं घर महाग कर्जाने घ्यावं लागणार. त्यामुळे मागणी कमी होऊनही भाव पडले नाहीत, कारण विकायला घरंच आली नाहीत.

कॅलिफोर्नियात अजून एक गोष्ट आहे, आणि आपले दोन-तीन जण तिथे आहेत म्हणून सांगते. १९७८ मध्ये तिथल्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केलं. घरपट्टी खरेदीच्या किमतीवर ठरते आणि करासाठीचं मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढत नाही. म्हणून एकाच गल्लीत, एकसारख्या दोन घरांत, जुना मालक थोडी घरपट्टी भरतो आणि नवा त्याच्या कितीतरी पट. शिवाय बऱ्याचशा निवासी जमिनीवर बरीच वर्षं एका भूखंडावर एकच घर एवढीच परवानगी होती. नोकऱ्या आल्या, माणसं आली, घरांना मात्र वर जायला जागा नव्हती. त्याउलट टेक्सासच्या ह्यूस्टनमध्ये झोनिंगचा असा कायदाच नाही. तिथेही माणसं लाखांनी वाढली, पण घरांचे भाव कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याच्या जवळपासही गेले नाहीत.

कॅनडाची गोष्ट आपल्या मुलांशी जोडलेली आहे. २०२३ या एका वर्षात तिथली लोकसंख्या १२ लाखांहून जास्त वाढली, ३ टक्क्यांच्या वर. त्यातले खूपजण शिकायला आलेले विद्यार्थी होते, आणि त्यात भारतातले सर्वांत जास्त. घरं त्या प्रमाणात बांधली गेली नव्हती. सरकारने १ जानेवारी २०२३ पासून परदेशी लोकांना घरं घ्यायला बंदी केली आणि २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. मुलाला तिकडे पाठवताना फी आणि विमानाचं तिकीट आपण मोजतो. तो राहणार कुठे आणि एका तळघरात किती जणांबरोबर, हेही मोजावं.

आणि शेवटी चीन, कारण तो आपल्या सगळ्यात जवळचा आहे, नुसता नकाशावर नव्हे. १९९८ च्या सुधारणांनंतर तिथे कामाच्या ठिकाणाने घर देण्याची पद्धत संपली आणि लोक घरं विकत घेऊ लागले. बचत ठेवायला दुसरे चांगले मार्ग थोडे होते, म्हणून दुसरं आणि तिसरं घर घेतलं. मुलाचं लग्न ठरायला घर लागायचं, हेही आपल्यासारखंच. बिल्डर इमारत उभी राहण्याआधीच पैसे घ्यायचे आणि त्यातून पुढची जमीन घ्यायचे. २०२० मध्ये सरकारने बिल्डरांच्या कर्जांवर बंधनं घातली. २०२१ मध्ये एव्हरग्रांड ही प्रचंड कंपनी कर्ज फेडू शकली नाही. २०२२ मध्ये अर्धवट इमारतींतल्या ग्राहकांनी अनेक शहरांत हप्ते भरणं थांबवलं. जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. ज्यांनी राहायला घर घेतलं होतं, त्यांचं निदान तयार घर तरी राहिलं. ज्यांनी घराला बँक समजलं होतं, त्यांची पंचाईत झाली.

आता आपल्या दाराशी येऊ.

२०१२ मध्ये केंद्र सरकारच्या एका तज्ज्ञ गटाने देशाच्या शहरांत सुमारे १ कोटी ८८ लाख घरांची टंचाई असल्याचा अंदाज दिला. त्यातली ९५ टक्के टंचाई कमी उत्पन्नाच्या कुटुंबांची होती. त्याच्या एकच वर्ष आधी, २०११ च्या जनगणनेत, देशाच्या शहरांत १ कोटी ११ लाख घरं कुलूपबंद निघाली होती. घर नसलेली माणसं आणि माणूस नसलेली घरं एकाच शहरात, कधी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एका समितीच्या २०१७ च्या अहवालात म्हटलं आहे, की सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेतला ७७ टक्के वाटा जमीन आणि घरांचा आहे. बँकेतल्या ठेवी, शेअर, विमा वगैरे सगळं मिळून फक्त ५ टक्के.

हे असं का झालं? एक कारण भाड्याच्या कायद्याच्या इतिहासात आहे. मुंबईच्या १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधली. त्या काळी गिरणी कामगाराला, कारकुनाला त्याने वाचवलं. पण भाडी पन्नास वर्षं जवळपास तिथेच राहिली. मालकाने डागडुजी सोडली, चाळी खचल्या, पागडी आली, आणि नवं घर भाड्याने देण्यासाठी बांधायला कुणी धजेना. मग १९९९ चा कायदा आला आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आता आपला सगळा व्यवहार ‘लीव्ह अँड लायसन्स’वर चालतो, बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा. मुदत संपली, की भाडेकरूला उभं राहायला जागा नाही. पूर्वी मालक घाबरायचा, आता भाडेकरू घाबरतो. जर्मनीसारखा मधला रस्ता आपल्याला सापडला नाही.

दुसरं कारण जागेच्या नियमांचं. एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते माप, मुंबईच्या १९९१ च्या नियमांत बेटावरच्या शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ होतं. वर टीडीआर वगैरे मार्ग होते, पण प्रत्येक मार्गाला पैसे, परवानग्या आणि ओळख लागायची. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळ्या जमिनी गरिबांच्या घरांसाठी मिळतील असं वाटलं होतं. बऱ्याच जमिनी कोर्टकचेऱ्यांत अडकल्या. महाराष्ट्राने तो कायदा २००७ मध्ये रद्द केला. 

तिसरं कारण तुमच्या-आमच्या मनात आहे. आपण घर घेतो, तेव्हा पेन्शन घेतो, कारण आपल्यातल्या बहुतेकांना ती नाही. मुलाच्या लग्नाच्या बायोडेटातली एक ओळ घेतो. ‘एकट्या मुलीला देत नाही’, ‘मांसाहारी चालणार नाही’, ‘आडनाव काय?’ या प्रश्नांपासूनची सुटका घेतो. मगाचे ते ३२ हजार आपण यासाठी भरतो. हे मूर्खपणाचं नाही. जिथे भाडेकरूला मान नाही आणि म्हातारपणाला आधार नाही, तिथे माणूस घरच घेणार.

पण याची किंमत कोण देतं? आपल्या वर्गातले बरेचजण आज कुठल्या ना कुठल्या घराचे मालक आहेत. भाव वाढला, की आपल्याला बरं वाटतं, ग्रुपवर पेढ्याचं चित्र येतं. दूध महागलं म्हणून पेढे वाटणारा माणूस मी पाहिलेला नाही. डाळ महागली, फी महागली, तर आपण सरकारला शिव्या देतो. गरजेची एकच वस्तू अशी आहे, जी महागली की आपण खूश होतो, कारण ती आपल्याकडे आधीच आहे. राहत्या घराचा भाव दुप्पट झाला, तरी आपल्याला त्यातून काही मिळत नाही. विकून जायचं कुठे? दुसरंही तेवढंच महागलेलं. तो वाढलेला भाव फक्त एकाच माणसाला खरोखर लागू होतो : ज्याला अजून पहिलं घर घ्यायचं आहे. म्हणजे आपल्या मुलांना, आणि या शाळेतून यंदा बाहेर पडलेल्या मुलांना.

त्यांच्यासाठी एफएसआय बदलणं आपल्या हातात नाही, कायदा बदलणंही नाही. पण कुलूप आपल्या हातात आहे. आज इथे बसलेल्यांपैकी काहींचे पुण्यात, पिंपरी-चिंचवडला, ठाण्याला, नाशिकला फ्लॅट बंद आहेत. भाडेकरू घर बळकावेल, ही भीती १९४७ च्या कायद्याची आहे. १९९९ च्या कायद्यात नोंदणी केलेला लेखी करार असेल, तर मुदतीनंतर घर परत मिळवण्याचा स्वतंत्र आणि जलद मार्ग आहे. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. करार अकराच महिन्यांचा हवा असंही कुठे लिहिलेलं नाही, तीन वर्षांचाही करता येतो.

आणि आपल्या शाळेतून दरवर्षी काही मुलं-मुली शिकायला किंवा पहिल्या नोकरीला शहरात जातात. त्यांच्या पहिल्या सहा महिन्यांचा सगळ्यात मोठा प्रश्न अभ्यासाचा नसतो, खोलीचा असतो. मुलींचा तर जास्तच. काही मुली मिळालेला प्रवेश सोडून तालुक्याच्या कॉलेजात थांबतात, कारण वडील म्हणतात, ‘राहणार कुठे?’ सर-बाईंना अशी नावं माझ्यापेक्षा जास्त माहीत असतील.

तेव्हा माझी एक विनंती आहे. आपल्या बॅचने बंद घरांची एक यादी करावी. दान म्हणून नव्हे. चालू बाजारभावाने किंवा त्याहून थोडं कमी भाडं, दोन महिन्यांची अनामत, नोंदणी केलेला करार, मुदत निदान दोन वर्षांची, आणि आडनाव, जात, जेवण यांबद्दल एकही प्रश्न नाही. मुलांची ओळख शाळा देईल, ती इतर कुठल्याही दाखल्यापेक्षा पक्की आहे. करार, नोंदणी, दुरुस्तीचा हिशोब यासाठी लागणारी छोटी व्यवस्था मी बसवून देते, ते माझं रोजचंच काम आहे. परदेशात असलेल्यांनी मुखत्यारपत्र कुणाच्या नावे द्यायचं, ते आपल्यातले दोन वकील सांगतील.

आणि गावात ज्यांचे जुने वाडे, घरं आहेत, त्यांनी वारसांची नावं सातबाऱ्यावर आणि सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आई-वडील असतानाच नीट करून घ्यावीत. जपानातली कितीतरी घरं केवळ कागद अर्धवट राहिल्यामुळे पडून आहेत. कागद नीट असले, तर घर राहायला देता येतं, विकता येतं, शाळेच्या वाचनालयालाही देता येतं.

जेवणाच्या मंडपाबाहेरच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. तीन रकाने आहेत : शहर, किती खोल्या, कधीपासून रिकामं. नाव लिहायला संकोच वाटत असेल, तर नुसता फोन नंबर लिहा. बारावीचे निकाल लागल्यावर पंधरा दिवसांत मुलांना खोल्या लागतात. त्याआधी दहा घरं जरी जमली, तरी यंदा वीस-पंचवीस मुलामुलींची सोय होईल.